लेव्हलर, फुटीर आणि सातबारा



येत्या जिल्हा बैठकीपुढे एक ठराव आहे. दोन तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी तो मागच्याच बैठकीत मांडला होता. ठराव चार ओळींचा. सभासद करून घेताना सातबाऱ्याचा उतारा मागू नये. जो शेतात राबतो आणि शेत तोट्यात गेले की ज्याच्या पोटाला चिमटा बसतो तो शेतकरी समजावा. खंडाने-बटाईने करणारे, नावावर जमीन नसलेल्या बाया आणि सालगडी-मजूर यांना गावकमिटीत मत असावे. ठराव वाचून होईपर्यंत सभागृह शांत होते. मग मागच्या रांगेतून एक शब्द आला, "फुटीर!" पाच मिनिटांत तो सगळ्यांच्या तोंडी झाला. ठरावावर कोणी बोललेच नाही. जे बोलले ते ठराव आणणाऱ्यांवर बोलले. शेवटी ठराव पुढच्या बैठकीवर ढकलून आपण जेवायला उठलो.

खोटे कशाला बोलू, तो शब्द मीही वापरला. जेवणाच्या पंगतीत शेजाऱ्याला म्हणालो, "ह्या फुटीरांचे काय ते एकदा बघितले पाहिजे." ठराव मांडणाऱ्यांपैकी एक जण पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागेच उभा होता. माझ्याबरोबर लाठ्या खाल्लेला, रास्ता रोकोत माझ्या आधी गाडीत कोंबला गेलेला माणूस. काही बोलला नाही. माझ्या पेल्यात पाणी ओतले आणि पुढे गेला. तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय भावावर नाही, विजेवर नाही. ते एका शब्दावर आहे.

फुटीर आणि फुटवा

फुटणे हे क्रियापद शेतकऱ्याला दोन्ही अंगांनी माहीत आहे. घागर फुटते, तळ्याचा बांध फुटतो. तसाच कोंबही फुटतो, पालवी फुटते. उसाला फुटवे आलेच नाहीत तर एकरी टनेज काय पडेल, हे कोणाही बागाईतदाराला विचारा. पण सभेत फुटीर म्हणताना कोंब कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यात शेजारी 'फितूर' हा अरबी-फारसीकडून आलेला शब्द बसलेला. दोघांचे मूळ वेगळे, उच्चार जवळचा. म्हणणारा फुटीर म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर फितूर पडते. चार ओळींचा ठराव मांडणारा माणूस एका शब्दासरशी रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडणारा होऊन बसतो.

असे शब्द बहुधा कोणी स्वतःसाठी निवडलेले नसतात. ते समोरचा चिकटवतो. आणि एकदा चिकटले की मूळ भांडण कशाचे होते हे विसरले जाते. याचे एक जुने उदाहरण मला कॉलेजात असताना भेटले. अवजारांच्या तासाला मास्तर लेव्हलर शिकवत होते. तोच शब्द पुढे वाचनालयात इंग्लंडच्या इतिहासाच्या पुस्तकात दिसला, आणि तिथे तो चक्क माणसांना लावलेला होता! मला वाटले छपाईची चूक असेल. चूक नव्हती. आपण जो शब्द ट्रॅक्टरमागे जोडतो, तो इंग्लंडात साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी बंडखोरांचे नाव होता. आणि त्याचा जन्म शेताच्या कुंपणावर झालेला आहे.

कुंपणाने शेत खाल्ले

इंग्लंडात तेव्हा गावाभोवतीची पुष्कळ जमीन सामाईक असे. कोणी गुरे चारी, कोणी सरपण नेई, आणि पीक निघाल्यावर मोकळ्या शिवारात सगळ्यांची जनावरे फिरत. आपल्या गायरानासारखाच प्रकार. पुढे लोकरीचा धंदा तेजीत आला. एक मेंढपाळ आणि एक कुत्रा यांच्या जोरावर शेकडो एकरांचे उत्पन्न मिळत असेल तर नांगर आणि कुळे कशाला सांभाळायची, असा हिशोब जमीनदारांनी केला. त्यांनी सामाईक जमिनीभोवती चर खणले, काटेरी झुडपांची कुंपणे लावली, आत मेंढ्या सोडल्या. १५१६ सालीच टॉमस मोर याने 'युटोपिया' या पुस्तकात लिहून ठेवले होते की, इंग्लंडातल्या गरीब मेंढ्या आता माणसे खाऊ लागल्या आहेत. कुंपणच शेत खाते ही आपली म्हण तिथे अक्षरशः खरी झाली.

१६०७ साली नॉर्थॅम्प्टनशायर, वॉरिकशायर आणि लेस्टरशायर या परगण्यांत लोक उठले. हजारोंच्या संख्येने कुदळी-फावडी घेऊन निघाले. त्यांनी कुंपणे उपटली, चर बुजवले, जमीन पूर्वीसारखी सपाट केली. सपाट करणारे म्हणून त्यांना लेव्हलर म्हणू लागले, खणणारे म्हणून डिगर. त्यांच्या पुढाऱ्याचे नाव जॉन रेनॉल्ड्स. भांड्यांना डाग लावत गावोगाव फिरणारा गरीब कारागीर. कमरेला एक पिशवी असे म्हणून लोक त्याला 'कॅप्टन पाऊच' म्हणत. या पिशवीत जे आहे ते तुमचे सगळ्या संकटांतून रक्षण करील, असे तो सांगे. जून १६०७ मध्ये न्यूटन या गावी जमीनदारांनी आपले नोकर आणि घोडेस्वार लोकांवर घातले. चाळीस-पन्नास माणसे ठार झाली. पुढारी पकडला गेला, फासावर गेला. पिशवी उघडली तेव्हा आत चीजचा एक बुरसटलेला तुकडा निघाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. १६०७ सालचा लेव्हलर हा शब्द फार सरळ होता. त्यात काय सपाट केले ते स्पष्ट होते. कुंपण सपाट केले, दुसऱ्याचे घर नव्हे.

पटनीचा सातबारा

चाळीस वर्षांनी तोच शब्द पुन्हा वर आला, आणि यावेळी त्याचा अर्थ फिरवला गेला. १६४२ साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले. राजा हरला. पार्लमेंटच्या सैन्यात शेतकऱ्यांची, कारागिरांची पोरे होती. त्यांचा पगार थकला होता आणि त्यांना न विचारता सैन्य मोडायचे घाटत होते. १६४७ साली पलटणींनी आपापले प्रतिनिधी निवडले. त्या प्रतिनिधींना नाव पडले 'ॲजिटेटर'. आज आपण ज्याला आंदोलक म्हणतो त्या अर्थाचा हा इंग्रजी शब्द तेव्हा निवडून आलेल्या प्रतिनिधीचा हुद्दा होता!

ऑक्टोबर १६४७ च्या अखेरीस लंडनजवळ पटनी गावच्या चर्चमध्ये सैन्याची बैठक बसली. एका बाजूला सेनापती ऑलिव्हर क्रॉम्वेल आणि त्याचा जावई हेन्री आयर्टन. दुसऱ्या बाजूला शिपायांचे प्रतिनिधी आणि त्यांची कड घेणारा कर्नल थॉमस रेन्सबरो. वादाचा मुद्दा : पार्लमेंट निवडताना मत कोणाला? १४३० सालच्या कायद्याप्रमाणे परगण्यात मत होते ते वर्षाला ४० शिलिंग उत्पन्न देणारी मालकीची जमीन असणाऱ्यालाच. रेन्सबरोचे म्हणणे, इंग्लंडातल्या गरिबातल्या गरिबालाही श्रीमंतासारखेच आयुष्य काढायचे आहे. ज्या सरकारच्या हुकमात राहायचे ते निवडायला त्याची संमती नको का? आयर्टनचे म्हणणे, ज्याचे या देशात कायमचे काही नाही, जो आज इथे आणि उद्या तिथे, त्याच्या हाती कायदा कसा द्यायचा? उद्या हेच लोक बहुमताने आमच्या जमिनी वाटून घेतील.

ओळखीचे वाटते ना? आपल्या मागच्या बैठकीत, "ज्याच्या नावावर गुंठाभर नाही त्याचे काय जाते?" असे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले. त्यांना आयर्टनचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. युक्तिवाद मात्र तोच.

याच दिवसांत या मंडळींना लेव्हलर हे नाव चिकटवले गेले. १६०७ साली कुंपण सपाट करणारा तो लेव्हलर होता. १६४७ साली सगळ्यांची मालमत्ता सपाट करणारा तो लेव्हलर झाला. शब्द तोच, पण पाडायच्या वस्तूच्या जागी दुसरीच वस्तू ठेवली. जॉन लिलबर्न, रिचर्ड ओव्हर्टन, विल्यम वॉल्विन, थॉमस प्रिन्स हे त्यांचे पुढारी. सर्वांना एक कायदा, मताचा हक्क, धर्माचे स्वातंत्र्य, चर्चला द्यावा लागणारा दशमांश बंद, या त्यांच्या मागण्या. कुंपणात गेलेली सामाईक राने पुन्हा मोकळी करा, अशी मागणीही ओव्हर्टनने १६४७ साली छापली होती. पण त्यांचा निम्मा वेळ नावाचा खुलासा करण्यात गेला. एप्रिल १६४९ मध्ये लंडनच्या किल्ल्यात कैदेत असताना या चौघांनी पत्रक काढले की, आम्हाला कोणाची मालमत्ता सपाट करायची नाही. मे महिन्यात काढलेल्या जाहीरनाम्यात तसे कलमच घातले. कोणी ऐकले नाही. खुलासा करणाऱ्याला खुलाशातच गुंतवून ठेवायचे, हेच अशा शब्दाचे काम असते.

आणि शेवट कसा झाला? जानेवारी १६४९ मध्ये ज्या सैन्याने राजाला वधस्तंभावर नेले, त्याच सैन्याने मे महिन्यात आपल्याच बंडखोर शिपायांना बर्फर्ड गावच्या चर्चमध्ये कोंडले. तीनशेच्या वर माणसे होती. १७ मे रोजी त्यातल्या तिघांना चर्चच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. बाकीच्यांना ते छपरावरून पाहायला लावले. पुढच्या महिन्यात लंडनच्या धनिकांनी सेनापतींना मेजवानी दिली. भावांनो, मेजवानी कोण देतो हे पाहिले की कोणाचे भले झाले ते समजते.

ज्यांनी नाव अंगावर घेतले

काहींनी मात्र खुलासा केला नाही. १ एप्रिल १६४९ रोजी जेरार्ड विन्स्टन्ली आणि विल्यम एव्हरार्ड थोड्या माणसांसह लंडनच्या नैर्ऋत्येला सेंट जॉर्जेस हिल नावाच्या सामाईक माळावर गेले आणि खणू लागले. आम्हीच खरे लेव्हलर, असे त्यांनी छापून सांगितले. लोक त्यांना डिगर म्हणाले. त्यांनी गाजरे लावली, पार्सनिप नावाचे गाजराच्याच जातीचे पांढरे कंद लावले, शेंगा लावल्या. शेतीशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ही यादी फार बोलकी वाटते. जमीन रेताड, हलकी. पोट लगेच भरायचे असेल तर असल्या जमिनीत कंद आणि शेंगवर्गीय पीक हीच निवड बरोबर. ही माणसे नुसती भाषणे करणारी नव्हती.

आजूबाजूच्या जमीनदारांनी पिके तुडवली, खोपटी पाडली, कोर्टात खेचले. ऑगस्टमध्ये ते शेजारच्या कॉबहॅमच्या माळावर गेले. तिथे सुमारे अकरा एकर धान्य उभे केले. एप्रिल १६५० मध्ये तिथली घरेही जाळली आणि चळवळ संपली. ज्या टेकडीवर त्यांनी पहिली कुदळ मारली तिथे आज फाटकाआड श्रीमंतांचे बंगले आणि गोल्फचे मैदान आहे. कुंपणे तर थांबली नाहीतच. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने सुमारे ५,२०० कुंपण-कायदे केले आणि ६८ लाख एकर जमीन त्यात गेली. जे १६०७ साली चर खणून झाले ते पुढे कायदा करून झाले.

आपल्याकडचे बारसे

आपल्याकडेही हे बारसे असेच होत आले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी कर्जखते मागून जाळली. पुढे नगर जिल्ह्यातही तेच झाले. बहुतेक ठिकाणी रोख माणसांवर नव्हता, कागदावर होता. सरकारी कागदात नाव पडले 'डेक्कन रायट्स', म्हणजे दंगे. चार वर्षांनी, १८७९ साली, शेतकऱ्यांना कर्जात दिलासा देणारा कायदा त्याच सरकारला करावा लागला. तक्रार खरी होती हे कायद्याने मान्य केले, तरी नाव दंगाच राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले असताना राज्यसभेत पंतप्रधानांनी 'आंदोलनजीवी' हा शब्द काढला. त्या तीन कायद्यांबद्दल आपल्यातही दोन मते होती, हे लपवायचे कारण नाही. पण तो शब्द ऐकून आपण सगळेच चिडलो होतो. का चिडलो? कारण शब्दाने कायद्याचा मुद्दा बाजूला सारला आणि माणसाची जात काढली.

मग दुसऱ्याने आपल्याला नाव ठेवले की चिडायचे आणि आपल्यातल्याच चौघांना आपण नाव ठेवायचे, हा कुठला न्याय? क्रॉम्वेलही स्वतः बंडखोरच होता. बंडखोराने बंडखोराला ठेवलेले नाव सगळ्यात खोल रुतते, कारण नाव ठेवणाऱ्याला नेम कुठे धरायचा हे माहीत असते.

आता ठरावाकडे

ठरावाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. मजुराला मत दिले तर तो मजुरीवाढ मागेल. शेतमालाला भाव नसताना ती आणायची कुठून, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मतदानाच्या आधी आपण मिळून शोधले पाहिजे. पण मजुरीचा प्रश्न मजुराला बाहेर ठेवून सुटत नाही. तो फक्त आपल्या कानावर यायचा थांबतो.

दुसऱ्यांचा विचार करा. खंडाने करणाऱ्याने खंड आधी मोजलेला असतो. भाव पडला की तोटा त्याचा, गारपीट झाली की नुकसान त्याचे, आणि भरपाई उताऱ्यावर नाव असणाऱ्याच्या खात्यात. घरचा माणूस गेल्यावर शेत ओढणारी बाई सासऱ्याच्या नावच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती हेलपाटे घालते ते आपण पाहिले आहे. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, बायकोच्या नावे जमीन करून द्यायला सांगितले, आणि गावोगाव लोकांनी ती करून दिलीही. त्या गोष्टीलाही आता तीस वर्षांवर काळ लोटला. केंद्र सरकारच्या २००७ सालच्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानेसुद्धा शेतकऱ्याच्या व्याख्येत कुळे, बटाईदार आणि शेतमजूर धरले आहेत. सरकारचा कागद पुढे आणि चळवळीचे सभासदत्व मागे, असे व्हायला नको.

आणि सातबारा म्हणजे तरी काय? गावनमुना सात आणि गावनमुना बारा. सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक. आपण सभासद करताना सात तेवढा वाचतो आणि बारा विसरतो. ज्याच्या हाताने ते पीक आले तो बाराच्या बाजूचा माणूस आहे. या देशाने १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मत देताना कोणाला उतारा मागितला नाही. इंग्लंडला त्यासाठी १९१८ साल उजाडावे लागले, म्हणजे पटनीच्या बैठकीनंतर २७१ वर्षे. तिथल्या सगळ्या बायांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडले. कारण लेव्हलरांचीही एक चूक झाली होती. एप्रिल १६४९ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांना सोडवण्यासाठी शेकडो बाया अर्ज घेऊन पार्लमेंटवर गेल्या, तेव्हा घरी जा आणि भांडी घासा असे त्यांना सुनावले गेले. पण खुद्द लेव्हलरांच्या जाहीरनाम्यातही बायांना मत नव्हते, नोकरांनाही नव्हते. सपाटीकरण करणाऱ्यांनी कडेचा एक तुकडा तसाच सोडला होता.

शेत सपाट करायचे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अडाणी ड्रायव्हर लेव्हलर लावतो तेव्हा वरची काळी माती खरवडून खाली लोटतो आणि वर मुरूम उघडा पाडतो. जाणता शेतकरी आधी काळी माती बाजूला काढतो, मुरूम कापतो, मग तीच माती वर पसरतो. त्याला कोणाचे ढेकूळ फोडून सूड घ्यायचा नसतो. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचावे एवढाच त्याचा हेतू असतो. ठराव आणणाऱ्यांचा हेतू यापेक्षा वेगळा असेल तर तो बैठकीत दाखवून द्या. पण आधी त्यांना बोलू द्या.

माझ्यापुरते सांगतो. तो शब्द मी मागे घेतो आणि बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा मागे घेईन. मी ठरावाच्या बाजूने हात वर करणार आहे. तुमचे मत विरोधात असेल तर विरोधात हात वर करा, कारणे सांगा, ठराव पाडा. पडला तरी ठराव आणणारे आपलेच आहेत आणि पुढच्या मोर्चात आपल्याच रांगेत चालणार आहेत. मात्र यावेळी चर्चा कुंपणाची होऊ द्या, नावाची नको.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक तरी बटाईदार आणि एक तरी बाई बरोबर आणावी, ही विनंती. उतारा आणायची गरज नाही.

— संपादक